बंद दाराचे तास : पाळणाघर असलेल्या सामायिक कार्यालयातील एका उद्योजिकेचे प्रकरण

हे प्रकरण एका उद्योजिकेचे आहे, आणि तितकेच त्या ज्या सामायिक कार्यालयात अकरा महिने काम करत होत्या त्या केंद्राचेही आहे. केंद्रात चोवीस टेबले, दोन बैठकीच्या खोल्या, फोनवर बोलण्यासाठी एक छोटी केबिन आणि कामाच्या दालनाला लागूनच नऊ लहान मुलांची सोय असलेला बालकक्ष होता. नुकताच व्यवसाय सुरू केलेल्या स्त्रियांना मूल जवळ ठेवून काम करता यावे, या हेतूने ते उभे केलेले होते. मी केंद्राच्या व्यवस्थापन समितीला हिशेब आणि नियोजन या कामांत मदत करत होते, त्यामुळे या घटनाक्रमाच्या दोन्ही बाजू मला पाहता आल्या. व्यक्तीचे आणि संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

प्रकरण नोंदवण्याचे कारण असे की, केंद्राने ज्या गोष्टीची सर्वांत ठळक जाहिरात केली होती, म्हणजे मूल आईच्या जवळ असणे, तीच गोष्ट पहिले तीन महिने या उद्योजिकेचे काम होऊ देत नव्हती. बालकक्ष होता, सांभाळणाऱ्या ताई मायाळू आणि अनुभवी होत्या, जागा स्वच्छ होती आणि तरीही काम होत नव्हते. असे का झाले आणि काय बदलल्यावर ते होऊ लागले, हे तपशिलात पाहिल्याशिवाय अशा जागांची आखणी नीट करता येणार नाही, असे माझे मत आहे.

उद्योजिका आणि त्यांचे काम

या उद्योजिका वैद्यकीय भाषांतर करतात. औषधांसोबत येणारी माहितीपत्रके, रुग्णाकडून घ्यायची संमतीपत्रे, चाचणीपूर्वीच्या सूचना असा मजकूर त्यांच्याकडे येतो. बारा वर्षे नोकरी केल्यानंतर, मुलगी सहा महिन्यांची असताना त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. घरी दार लावून बसता येईल अशी स्वतंत्र खोली नव्हती, पतीची नोकरी ठरावीक वेळेची आणि घराबाहेरची होती, आणि काम प्रामुख्याने मुलगी झोपल्यावर, म्हणजे रात्री दहानंतर होत असे.

केंद्रात दाखल होताना त्यांनी मला एक छापील पान दाखवले होते. त्यावर एका औषधाच्या मात्रेभोवती त्यांनी लाल पेनाने दोनदा गोल केलेला होता. मूळ मजकुरात मायक्रोग्रॅम होते, त्यांच्या मसुद्यात मिलिग्रॅम उतरले होते, म्हणजे मात्रा हजारपट झाली होती. शेवटच्या वाचनात चूक सापडली आणि मजकूर पुढे जाण्यापूर्वी दुरुस्त झाला, पण ते पान त्यांनी फेकून दिले नाही. ज्या संध्याकाळी ते लिहिले गेले तेव्हा मुलगी मांडीवर होती आणि दात येत असल्यामुळे सतत रडत होती, असे त्यांनी सांगितले. पुढच्या चर्चांमध्ये मला हे पान अनेकदा आठवले. मूल मांडीवर घेऊन करता येतील अशी कामे असतात, हे काम मात्र त्यांपैकी नव्हते.

येथे एका संशोधनाचा उल्लेख करणे योग्य ठरेल. सोलेन डेलेकोर्ट आणि ॲन फिट्झपॅट्रिक यांनी युगांडातील औषध दुकानांचा अभ्यास करून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक तृतीयांशाहून अधिक स्त्री मालक लहान मुलांना दुकानात सोबत आणत असल्याचे आढळले, तर पुरुष मालकांपैकी एकही तसे करत नव्हता. मूल दुकानात असलेल्या स्त्रियांचा नफा इतर स्त्री मालकांच्या तुलनेत जवळपास निम्म्याने कमी होता. व्यवसायात स्त्रिया मागे का पडतात याची चर्चा भांडवल आणि प्रशिक्षण यांच्याभोवती फिरत राहते, त्या पार्श्वभूमीवर ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण ती थेट खोलीत कोण आहे हे विचारते.

कायद्याच्या चौकटीबाहेर

नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी निदान कागदावर काही संरक्षण असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराने किमान १४ आठवड्यांच्या रजेचे प्रमाण ठरवले, परंतु तो करार नोकरदार स्त्रियांना उद्देशून आहे. भारतात २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, तीही मालक आणि कर्मचारी या नात्यावर उभी आहे. युरोपीय संघाने २०१० च्या एका निर्देशाद्वारे स्वयंरोजगारातील स्त्रियांसाठी किमान १४ आठवड्यांच्या मातृत्व भत्त्याची तरतूद केली, ही एक महत्त्वाची पायरी होती, पण तो भत्ता आहे, रोज सकाळी मूल सोपवता येईल अशी जागा नव्हे. स्वतःचा व्यवसाय सुरू करणारी स्त्री स्वतःच मालक असते आणि तिच्याकडे पन्नास कर्मचारी नसतात, त्यामुळे पाळणाघर मागायचे कोणाकडे, या प्रश्नाला तिच्यापुरते उत्तरच नसते. पाळणाघर जोडलेली सामायिक कार्यालये ही पोकळी भरून काढण्याचा एक प्रयत्न आहेत आणि म्हणूनच ती नीट चालणे मला महत्त्वाचे वाटते.

पहिली रचना

सामायिक कार्यालयाची आजची कल्पना ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेल्या छोट्या प्रयोगापासून रुजली. अशा जागांचा आर्थिक पाया एका साध्या निरीक्षणावर आहे, तो असा की सगळे सदस्य एकाच वेळी येत नाहीत. त्यामुळे चोवीस टेबलांसाठी साठ-सत्तर सदस्य घेता येतात, तासावर टेबल देता येते, आणि एखाद्याने ऐनवेळी येणे रद्द केले तरी केंद्राचे फारसे बिघडत नाही.

केंद्राने बालकक्षही याच पद्धतीने चालवायला घेतला. मोबाईलवरून टेबल राखून ठेवताना त्याच पडद्यावर मुलाची जागाही तासावर राखता येत असे. समितीला यात मोठी सोय दिसत होती, कारण ज्या स्त्रीला आठवड्यात चारच तास हवे असतील तिने पूर्ण महिन्याचे शुल्क का भरावे, हा विचार वरवर पाहता न्याय्य होता. सुरुवातीला मलाही तो पटला होता.

दुसरा निर्णय वास्तुरचनेचा होता. कामाचे दालन आणि बालकक्ष यांच्यामध्ये जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत होती. आईला मूल दिसावे, मुलाला आई दिसावी, दोघांनाही धीर वाटावा, अशी त्यामागची कल्पना होती. भेट द्यायला येणारे सर्वजण त्या भिंतीचे कौतुक करत.

पहिले तीन महिने

उद्योजिकांनी पहिल्या आठवड्यात रोज दहा ते बारा अशी वेळ घेतली. मुलगी अकरा महिन्यांची होती. अनोळखी माणसांबद्दलची भीती आणि आईपासून दूर होण्याची चिंता साधारण या वयात तीव्र असते, हे बालसंगोपनात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ताईंनाही ते ठाऊक होते. परंतु तासावर जागा देण्याच्या पद्धतीत मुलाला रुळवण्यासाठी वेगळा काळ धरलेलाच नव्हता, आणि ताईंच्या पाळ्या नोंदणीनुसार बदलत असल्यामुळे सोमवारी ज्या ताईंनी मुलीला घेतले त्या मंगळवारी असतीलच असे नव्हते.

काचेचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसला. मुलगी खेळता खेळता मान वर करी, पलीकडे आई दिसे, हात पसरून ती काचेकडे रांगत येई, आणि मधली भिंत ओलांडता येत नाही हे कळल्यावर रडू लागे. काच जाड होती, त्यामुळे आवाज फारसा येत नसे, पण उघडे तोंड आणि भिजलेले गाल स्पष्ट दिसत. आवाजाशिवाय रडणारे मूल पाहणे हे आवाज ऐकण्यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे असते, असे त्या मला म्हणाल्या. त्या उठत, आत जात, मुलीला घेत, शांत करून परत येत, आणि त्यांना परत जाताना पाहून मुलगी पुन्हा रडे.

तिसऱ्या आठवड्यात, माझ्या विनंतीवरून, त्यांनी एका कागदावर उठण्याच्या खुणा करायला सुरुवात केली. एका सकाळी दोन तासांत अकरा खुणा होत्या. त्यांतल्या चार वेळा मुलगी रडत होती. तीन वेळा ताईंनी दारात येऊन काही विचारले होते, जसे की पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचे, टोपी काढायची का. उरलेल्या चार वेळा काहीच झाले नव्हते, मुलगी शांत दिसते आहे ना एवढे पाहण्यासाठी त्या उठल्या होत्या. त्या दिवशी दीड पान भाषांतर झाले. व्यत्ययांवर संशोधन करणाऱ्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे दाखवले होते की वारंवार अडवली जाणारी माणसे वेग वाढवून काम भरून काढतात, पण त्याची किंमत ताण आणि वैताग यांच्या रूपाने मोजतात. येथे वेग वाढवण्याला वाव नव्हता, कारण वेगाची किंमत ते लाल गोल केलेले पान होते.

झोपेचा प्रश्नही यातूनच निर्माण झाला. वर्षाच्या आसपास मुले दिवसातल्या दोन झोपांवरून हळूहळू एका झोपेवर येतात आणि या काळात झोपेची वेळ रोज थोडी सरकते. मुलगी पावणेबाराला झोपली आणि नोंदवलेली वेळ बाराला संपत असली, तर पुढच्या मुलासाठी जागा मोकळी करावी लागे. एका दुपारी मी स्वतः त्यांना झोपलेल्या मुलीला उचलून, तिचे डोके खांद्यावर सावरत, दुसऱ्या हाताने लॅपटॉपची पिशवी ओढत जिन्याकडे जाताना पाहिले. मुलगी जागी झाली आणि रडत राहिली. त्या दिवशी त्यांना दुपारी पुन्हा काम करायचे होते, ते झाले नाही.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी सदस्यत्व सोडण्याचा अर्ज दिला. त्या अर्जात तक्रार नव्हती. घरी रात्री जितके काम होते तितकेच येथे दिवसा होते आणि वर शुल्क भरावे लागते, एवढेच त्यांनी लिहिले होते.

केंद्राच्या बाजूचे गणित

त्याच सुमारास केंद्रही अडचणीत आले होते, आणि दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे हे आम्हाला उशिरा कळले.

दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक ताई, असे प्रमाण केंद्राने स्वतःहून स्वीकारले होते. इंग्लंडमधील नियमही या वयासाठी हेच प्रमाण सांगतात. या प्रमाणाचा हिशेबावर होणारा परिणाम टेबलांच्या हिशेबापेक्षा मुळातच वेगळा असतो. तीन बाळांना एक ताई पुरते, चौथे बाळ आले की दुसरी ताई लागते, म्हणजे चौथ्या बाळाचे शुल्क एका बाळाइतकेच येते आणि खर्च मात्र एका पूर्ण पगाराने वाढतो. शिवाय कक्षात कधीही एकच मोठे माणूस असू नये, कारण एक बाळ बदलायला न्यायचे झाले तर उरलेल्यांकडे पाहणार कोण, त्यामुळे दुपारी चार वाजता एकच मूल असले तरी दोन ताई थांबवाव्या लागतात. ताईंना जेवायला आणि विसावा घ्यायला वेळ द्यायचा तर त्या वेळात त्यांची जागा घेणारे कोणी हवे. रिकामे टेबल पगार मागत नाही, पण मुलाची रिकामी जागा मागते.

नोंदींचा तक्ता समोर ठेवला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. दहा ते एक या वेळात नऊच्या नऊ जागा भरलेल्या असत आणि अनेकींना नकार द्यावा लागे. तीन ते पाच या वेळात दोन किंवा तीनच मुले असत. हे स्वाभाविक होते, कारण मुलांच्या दिवसाला स्वतःचा आकार असतो, सकाळी ती ताजीतवानी असतात आणि सर्व आयांना तीच वेळ हवी असते. सगळे एकाच वेळी येत नाहीत, हे टेबलांबाबत खरे ठरणारे निरीक्षण मुलांबाबत खोटे होते. त्यातच ऐनवेळी जागा रद्द होत, कारण ताप आणि सर्दी आदल्या दिवशी कळवून येत नाहीत.

समितीसमोर तीन सूचना आल्या. शुल्क वाढवावे ही पहिली. एक वर्षाखालील बाळे घेणे बंद करावे ही दुसरी. आणि एका ताईकडे तीनऐवजी पाच बाळे द्यावीत ही तिसरी. तिसऱ्या सूचनेला मी उघड विरोध केला आणि आजही करीन. एका माणसाला आणीबाणीत किती बाळे उचलून बाहेर नेता येतील, एवढा एकच प्रश्न त्या सूचनेवर विचार करायला पुरेसा आहे. दुसरी सूचना हिशेबाला सोयीची होती, पण ज्या स्त्रियांसाठी केंद्र उभे केले त्यांनाच ती बाहेर ठेवत होती, कारण व्यवसायाची पहिली दोन वर्षे आणि मुलाची पहिली दोन वर्षे अनेकींच्या आयुष्यात एकत्र येतात.

काय बदलले

उद्योजिकांचा अर्ज समितीने लगेच मंजूर केला नाही. त्यांना बोलावले गेले आणि त्यांनी उठण्याच्या खुणांचे तीन आठवड्यांचे कागद सोबत आणले. माझ्या अनुभवात समितीचे मत बदलण्याचे काम इतक्या साध्या कागदांनी क्वचितच केले असेल.

सर्वांत मोठा बदल वेळेचा होता. तासावर जागा देणे पूर्णपणे थांबवून साडेआठ ते एक आणि दीड ते सहा अशी दोन सत्रे करण्यात आली, आणि प्रत्येक मुलाला आठवड्यातील ठरावीक सत्रे किमान तीन महिन्यांसाठी मिळू लागली. सकाळची तीन सत्रे घेणाऱ्या आईने दुपारचे किमान एक सत्र घ्यावे, अशी अट घालण्यात आली. यावर बरीच नाराजी झाली, तरी ती टिकवली गेली, कारण तिच्याशिवाय दुपारच्या ताईंचा पगार निघत नव्हता. सत्र ठरावीक झाल्यामुळे ताईंच्या पाळ्याही ठरल्या आणि प्रत्येक मुलाची एक मुख्य ताई नेमता आली. लवचीकता हा अशा केंद्रांचा मोठा गुण मानला जातो, त्यामुळे ती कमी करण्याचा निर्णय आम्हा सर्वांना जड गेला. मात्र नैरोबीतील कोरोगोचो या वस्तीत झालेल्या एका अभ्यासाने मला धीर दिला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाळणाघराचा खर्च भागवणारी मदत मिळालेल्या मातांमध्ये कामावर असण्याचे प्रमाण सरासरी ८.५ टक्के-अंकांनी जास्त आढळले, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या माता अधिक नियमित वेळेच्या कामांकडे वळून कमी तासांत पूर्वीइतकीच कमाई करू शकल्या होत्या. नियमितपणाची किंमत ज्यांना कधी मिळत नाही त्यांनाच अधिक कळते.

दुसरा बदल मुलाला रुळवण्याचा होता. त्यासाठी बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात विकसित झालेल्या आणि जर्मनीत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा आधार घेण्यात आला. त्या पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत कक्षातच बसतात आणि ताटातूट मुळीच केली जात नाही. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातात, आणि ताईंनी घेतल्यावर मूल शांत होते की नाही यावर पुढचा वेग ठरतो. चौथा दिवस सोमवार असेल तर पहिली ताटातूट एक दिवस पुढे ढकलतात, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा घराच्या सवयीत गेलेले असते. आमच्या उद्योजिकांच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून रुळवावे लागले आणि त्याला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांचे शुल्क केंद्राने घेतले नाही.

काचेच्या भिंतीवर मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत दुधी कागद लावण्यात आला. उजेड येत राहिला, पण बसलेल्या आईला मूल आणि रांगणाऱ्या मुलाला आई दिसेनाशी झाली. ज्या सदस्यांना ती भिंत आवडत होती त्यांना हे खटकले. पहिल्या आठवड्यात उद्योजिका स्वतःही दोनदा उभ्या राहून कागदाच्या वरून डोकावल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आपले टेबल बदलून दालनाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी घेतले. अंगावर पाजण्यासाठी दार लावता येईल असा वेगळा कोपरा झाला, आणि पाजण्याच्या वेळा आई आणि मुख्य ताई यांनी मिळून आदल्या दिवशी ठरवायच्या, असे ठरले, जेणेकरून आईला आपले काम त्या वेळेभोवती मांडता यावे.

सगळ्यात अवघड बदल मात्र आमच्या ध्यानातच नव्हता, तो उद्योजिकांनी सुचवला. मुलीला काही झाले की ताई त्यांच्याकडेच येत, कारण त्या वीस पावलांवर होत्या. वडिलांचा फोन क्रमांक अर्जावर होता, पण तो कोणी लावत नसे. पाळणाघर दूर असते तर ताईंनी फोन केला असता, आणि फोन कोणाला करायचा हे निदान आठवड्याआठवड्याने बदलता आले असते. जवळ असल्यामुळे सारी जबाबदारी आपोआप एकीच्याच अंगावर आली होती, आणि घरात जे झाले होते तेच येथे, अधिक सुबक जागेत, पुन्हा घडत होते. त्यांनी हे सांगितले तेव्हा समितीतील दोन सदस्या काही क्षण काहीच बोलल्या नाहीत, कारण दोघींच्याही घरची स्थिती तशीच होती. मग नियम असा झाला की पाणी, टोपी, खेळणी अशा प्रश्नांवर ताई स्वतः निर्णय घेतील आणि सत्र संपल्यावर वहीत लिहून ठेवतील. आजारपणात घरी नेण्यासाठीचा पहिला फोन एका आठवड्यात आईला आणि पुढच्या आठवड्यात वडिलांना किंवा पालकांनी नेमलेल्या व्यक्तीला जाईल. आणि आईच्या टेबलापर्यंत चालत जाण्याची परवानगी फक्त तातडीच्या प्रसंगी असेल. वडिलांनी पहिल्यांदा कामावरून येऊन मुलीला घरी नेले त्या दिवशी, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, कार्यालयात त्यांना तीन जणांनी पत्नी आजारी आहे का असे विचारले.

खर्चाचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. बालकक्षाचा भार फक्त आयांवर टाकला तर त्यांना परवडत नव्हते, आणि सर्व सदस्यांवर टाकला तर ज्यांना मुले नाहीत किंवा ज्यांची मुले मोठी आहेत त्यांचा आक्षेप रास्त होता. एका सदस्येने, त्या स्वतः अविवाहित होत्या, सभेत असे मांडले की बैठकीच्या खोल्या त्यांनी वर्षभरात दोनदाच वापरल्या, तरी त्यांचा खर्च त्या देतातच. या मुद्द्याने चर्चेची दिशा बदलली. शेवटी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बैठकीच्या खोल्या बाहेरच्यांना भाड्याने देऊन ती रक्कम बालकक्षाला द्यायची आणि उरलेली तूट सर्व सदस्यत्वांवर सारखी विभागायची, असा निर्णय झाला. चार सदस्या यानंतर केंद्र सोडून गेल्या. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, परंतु पाळणाघर ही काही जणींची खासगी गरज मानली तर ते कोणत्याच केंद्रात तग धरणार नाही, हेही मला तितकेच स्पष्ट दिसते.

त्यानंतरचे आठ महिने

उद्योजिकांनी चार सकाळची आणि दोन दुपारची सत्रे घेतली. उठण्याच्या खुणा त्यांनी आणखी सहा आठवडे नोंदवल्या आणि मग कंटाळून थांबवल्या, कारण बहुतेक सत्रांत एक किंवा दोनच खुणा असत. रात्रीचे काम आठवड्यातून एका रात्रीवर आले. सहाव्या महिन्यात त्यांना नियमित काम देणारा पहिला ग्राहक मिळाला आणि नवव्या महिन्यात दुसरा. पहिल्या ग्राहकाने चाचणीसाठी दिलेला मजकूर त्यांनी दोन सलग सकाळी पूर्ण केला आणि तिसऱ्या सकाळी, झोपून ताजे होऊन, तो पुन्हा वाचला. रात्रीच्या कामात हे तिसरे वाचन कधीच होत नसे.

आजारपणावर मात्र केंद्राकडे उत्तर नव्हते. गटात राहू लागलेल्या लहान मुलांना सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार सर्दी, ताप, जुलाब होतात आणि हे टाळता येत नाही. जुलाब थांबल्यावर ४८ तास मुलाला आणायचे नाही हा नियम आवश्यकच होता, पण दुपारी पोटदुखी सुरू झालेल्या मुलीचा अर्थ त्यांच्यासाठी तीन दिवस गेले असा होता. नव्या रचनेच्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांची चौदा सत्रे अशी गेली, आणि सत्रे ठरावीक असल्यामुळे त्यांचे शुल्क परत मिळाले नाही. ठरावीक वेळेच्या रचनेचा हा सगळ्यात मोठा अन्याय आहे आणि त्याची झळ नेमकी सर्वांत लहान मुलांच्या आयांना बसते. उद्योजिकांनी स्वतःपुरता मार्ग काढला. ग्राहकांना दिलेल्या प्रत्येक मुदतीत त्या दोन दिवस जादा धरू लागल्या, आणि त्याच क्षेत्रातील एका सहकारिणीशी त्यांनी परस्पर करार केला की एकीचे मूल आजारी पडल्यास दुसरीने तिचे काम त्याच दराने पूर्ण करावे. दोघींनी गोपनीयतेबाबत ग्राहकांची लेखी परवानगी घेतली. या काळात हा करार पाच वेळा वापरला गेला, तीनदा त्यांच्यासाठी आणि दोनदा सहकारिणीसाठी.

एक मोठे काम त्यांनी नाकारले. त्या ग्राहकाला दूरच्या देशातील वेळेप्रमाणे रोज संध्याकाळी सात ते नऊ बैठका हव्या होत्या आणि बालकक्ष सहाला बंद होत असे. समितीने संध्याकाळच्या सत्राचा हिशेब करून पाहिला होता. किमान पाच मुले असल्याशिवाय दोन ताईंचा पगार निघत नव्हता आणि मागणी दोघींचीच होती. हा नकार मी त्यांच्या व्यवसायाच्या नुकसानीतच धरते. केंद्राने दिलेल्या तासांच्या सीमा याच त्यांच्या व्यवसायाच्या सीमा ठरल्या होत्या, आणि त्या कोणाच्या इच्छेने नव्हे तर तीन बाळांमागे एक ताई या प्रमाणाने आखल्या होत्या.

अकराव्या महिन्यात मुलगी दोन वर्षांची होण्याच्या बेतात होती आणि मोठ्या मुलांच्या गटात जाणार होती. त्या गटात एका ताईकडे अधिक मुले असू शकतात, त्यामुळे शुल्क कमी होणार होते. त्यांनी वाचलेल्या रकमेतून दुपारचे आणखी एक सत्र घेतले. बाळांच्या गटात एक जागा मोकळी झाली आणि प्रतीक्षा यादीत पहिल्या असलेल्या, आठ महिन्यांच्या मुलाच्या आईला कळवण्यात आले. त्यांनी मंगळवारपासून यायचे ठरवले. पहिले तीन दिवस त्या बालकक्षातच, ताईंच्या शेजारी, जमिनीवर बसणार होत्या, आणि टेबल त्यांनी मुलगा रुळल्यानंतरच घ्यावे, असे त्यांना सांगण्यात आले होते. टेबल कोणते घ्यावे असे त्यांनी विचारले तेव्हा आमच्या उद्योजिकांनी त्यांना दालनाच्या दुसऱ्या टोकाची, खिडकीजवळची जागा दाखवली.